वेळासची दोरी आणि आमच्या तलावाची पाळ

हे काम करायचं म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. मी किनारा सांभाळायचं काम करते म्हटलं की गावात हसतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात कुठला आला किनारा? पण रविवारी तलावाच्या पाळीवर या. चुली पेटलेल्या असतात, डीजे लागलेला असतो, पोट्टे पाण्यात उतरलेले असतात. समुद्रावर जे होतं तेच इथं होतं, फक्त पाणी गोडं.

बी.एस्सी. झाल्यावर मी एक हंगाम रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला काढला. २००६ पासून तिथं कासव महोत्सव भरतो. पिल्लं समुद्राकडे सोडताना पाहायला मुंबई-पुण्याहून माणसं लोटतात. अंधारात मोबाईलचा उजेड पडला की पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. माझ्या हातात दिली होती नुसती दोरी. ती धरून लोकांना मागं थोपवायचं. पाटी कोणी वाचत नाही, दोरीला मात्र माणूस थांबतो. हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

गावी परतले ती सगळं येतं अशा तोऱ्यात. श्रावणात दहा-बारा जणांना घेऊन तलावाचा काठ साफ करायला घेतला. बाटल्या, पत्रावळी उचलल्या आणि त्याच जोशात पाण्यावरच्या वेलीही ओढून बाहेर काढल्या. काठावरचे एक ढिवर (मासेमार समाजातले) काका जाळं सोडवत बसले होते. म्हणाले, "कायले उपटून रायली जी? थे पाखराचं घर होय." ढिगाऱ्यात पाहिलं तर चार तपकिरी, चकचकीत अंडी. दोन फुटलेली. लांब शेपटीचा कमळपक्षी पावसाळ्यात अशाच तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि उबवतो नर. तो नर बराच वेळ त्या मोकळ्या पाण्यावर घिरट्या घालत होता. त्या दिवशी फोटो काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.

तेव्हापासून नव्या तलावावर पहिले दोन रविवार मी काही उचलत नाही. वही घेऊन बसते: माणसं किती, कुठून उतरतात, चूल कुठं मांडतात, पोरं कुठं पोहतात. उतरायची वाट एकच ठेवली आणि बाकी काठाला दोरी लावली की निम्मा त्रास तिथंच संपतो. काठावर माजणारी बेशरमाची झुडपं मात्र खुशाल उपटा, पण पाखरांची घरटी उठल्यावर.

जिवाला खरा धोका खड्ड्यांचा. उन्हाळ्यात गाळ नेताना पडलेले खड्डे पावसात भरतात आणि वरून पाणी सपाट दिसतं. गुडघाभर पाण्यातला पोरगा पुढच्या पावलाला बुडतो. म्हणून मे महिन्यातच तिथं लाल फडक्याचे बांबू रोवायचे. समुद्रावरही लाटा फुटत नाहीत ती शांत दिसणारी पट्टी बहुधा आत ओढणारी असते. तिथं ओढ लागली तर काठाला समांतर पोहायचं.

परवानगीसाठी फिरण्याआधी तलाव कोणाचा ते विचारा. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण किंवा पाटबंधारे विभागाकडे, मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या सोसायटीकडे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते. ती कागदावरच असेल तर तिची, गावातल्या झाडा-पाखरांची नोंदवही लिहून द्यायला तुम्हीच पुढं व्हा, ओळख तिथूनच होते. पगाराचं म्हणाल तर काम कंत्राटी, मार्चनंतर पुढचं सांगता येत नाही. पोहता येत नसेल तर अर्ज करण्याआधी ते शिका.

आणि सोसायटीत जायचं तर पहाटे, मासळीचं वजन चाललेलं असताना जा. दुपारी सगळे झोपलेले असतात.