देव पुरवतो असा भरवसा ठेवायचा म्हणजे रोज करायचं काय

"देवावर भरवसा ठेव" असं सगळेच सांगतात, पण महिनाअखेरीला खात्यात काही उरलं नाही की तो ठेवायचा कसा हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मला जे पटतं ते लिहितोय.

आधी गरज कागदावर लिहून काढा. भाडं, फी, औषधं, कोणाचं देणं, सगळं आकड्यासकट. हिशेब मांडला म्हणजे विश्वास कमी पडला असं काहींना वाटतं, तसं काही नसतं. जॉर्ज म्युलर नावाच्या ख्रिस्ती प्रचारकाने १८३६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी घर सुरू केलं, माणसांकडे पैसे मागायचे नाहीत फक्त देवाकडे मागायचे असं ठरवून, आणि तोच माणूस आलेल्या पै-पैची नोंद ठेवायचा.

मग प्रार्थना करा, पण आजच्यापुरती. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढंच येशूने मागायला शिकवलंय, पुढच्या दहा वर्षांची भाकर नाही. बायबलमधला निर्गम १६ वाचा, रानात इस्राएल लोकांना देव मान्ना म्हणजे आकाशातून भाकर द्यायचा, तो माणशी एक ओमर (त्या वेळचं एक माप) गोळा करायचा, आणि ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. आता यावरून कोणी बचत करणंच चुकीचं म्हणेल तर त्याला तोच अध्याय पुढे वाचायला सांगा, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा असं सांगितलं होतं आणि तो ठेवलेला खराब झाला नाही. शिवाय रोज सकाळी उठून तंबूबाहेर जाऊन वेचायचं कामही होतंच, ऊन तापलं की वितळून जायचा.

मला सगळ्यात जास्त शिकवते ती २ राजे ४ मधली विधवा. नवरा गेलेला, सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आलेला. तिने काय केलं, तर आधी जाऊन अलीशा संदेष्ट्याला सगळं सांगितलं, लाजून घरात बसली नाही. त्याने विचारलं घरात काय आहे, ती म्हणाली थोडं तेल आहे बाकी काही नाही. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, थोडीथोडकी नाही, दार लावून तेल ओतत राहायचं, आणि शेवटी काय तर तेल विकून कर्ज फेड आणि उरलेल्यावर तुम्ही जगा. म्हणजे चमत्कार देवाचा, पण भांडी गोळा करायला, विकायला, देणं चुकतं करायला तीच गेली. तेव्हा तुम्हीही चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला खरी परिस्थिती सांगा, आणि हातात काय आहे ते बघा, एखादं काम येत असेल, एखादी वस्तू पडून असेल.

एक मार्ग बंद झाला की लगेच देवाने सोडलं असं धरू नका. १ राजे १७ मध्ये एलीया संदेष्ट्याला एका ओहोळाकाठी कावळे भाकर आणि मांस आणून देत होते, तरी तो ओहोळ आटलाच, आणि मग देवाने त्याला पाठवलं कोणाकडे तर सारफथच्या विधवेकडे, जिच्याकडे फक्त मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं. मदत कुठून यावी हे आपण ठरवून ठेवलेलं असतं ना, तिथेच गडबड होते.

आणि अमुक अर्पण द्या म्हणजे दुप्पट परत मिळेल असं कोणी सांगत असेल तर सरळ दूर राहा, हे माझं स्पष्ट मत. लोक प्रेषित पौलाच्या पत्रातलं फिलिप्पै ४:१९ पाठ करतात, देव तुमची सर्व गरज पुरवील, पण १२ वं वचन वाचत नाहीत जिथे पौल म्हणतो उपाशी राहणंही मी शिकलोय, आणि हे तो बंदिवासातून लिहित होता. त्याच्यापर्यंत मदत पोचली ती एपफ्रदीताच्या हातून, फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली.

शेवटचं, विश्वास म्हणून औषधं बंद करणं, नोकरी हातात नसताना मोठं कर्ज उचलणं, असलं काही करू नका. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं सैतानाने वचन दाखवून सांगितलं होतं तरी येशू खाली उडी मारायला तयार झाला नाही.