गॅरेजबँडमधून वेव्ह काढताना माझं काय चुकलं

गॅरेजबँड या ॲपलच्या रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये रेकॉर्डिंग कसं करायचं, ट्रॅक कसे लावायचे, हे तुम्हाला येतच असेल. मी फाइल बाहेर काढण्याबद्दल लिहितोय, कारण माझं तिथेच बुडालं.

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचे आठ अभंग मी मॅकवर रेकॉर्ड केले. ज्येष्ठाचे दिवस, निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघायला आलेली, मंडळी वारीच्या तयारीत. घाईत सगळं १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्यापैकी दाबलेल्या, एमपीथ्रीत काढलं आणि लॅपटॉप भरला म्हणून प्रोजेक्ट डिलीट केले. कॉलेज रोडच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टदादांनी वेव्ह, म्हणजे न दाबलेली पूर्ण आवाजाची फाइल, मागितली. मी फुकटच्या कन्व्हर्टरमधून एमपीथ्रीची वेव्ह करून नेली. त्यांनी स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर दाखवणारं चित्र, उघडलं. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं. टाळ खणखणत नव्हते, नुसते सळसळत होते.

हे नीट समजून घ्या. एमपीथ्री करताना कानाला कमी जाणवणारा भाग टाकून दिला जातो, कायमचा. पुढे तिची वेव्ह केली की चार मिनिटांचा अभंग ४ एमबीवरून ४० एमबीवर जातो. फाइल फुगते, आवाज तोच राहतो. मी त्या ४० एमबीला भुललो. वेव्हमधून एमपीथ्री कधीही काढता येते. एमपीथ्रीतून खरी वेव्ह कधीच निघत नाही. कन्व्हर्टर सुचवणाऱ्याचं या बाबतीत ऐकूच नका, मग तो कितीही अनुभवी असो.

घाबरू नका, योग्य वाट अगदी सोपी आहे. मॅकवर शेअर मेनूत ‘एक्सपोर्ट साँग टू डिस्क’, तिथे वेव्ह किंवा एआयएफएफ निवडा. दोन्ही अनकंप्रेस्डच, म्हणजे न दाबलेले. आयफोनवर गाणं शेअर करताना क्वालिटीत अनकंप्रेस्ड निवडा. गॅरेजबँड ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवरच चालतं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने. व्हिडिओवाल्यांना ४८ लागलं तर ते बदलून घेतील.

मिक्सिंगसाठी ट्रॅक सुटे हवे असतील तर एकेक सोलो करून, म्हणजे तेवढाच ऐकू येईल असा ठेवून, काढावा लागतो. त्याआधी सेटिंग्जमधलं ऑटो नॉर्मलाइझ, म्हणजे आवाज आपोआप पूर्ण वर चढवणं, बंद करा, नाहीतर प्रत्येक ट्रॅकची लेव्हल वेगळी वर चढते आणि पखवाज-पेटीचा तोल जातो.

प्रोजेक्ट अजून शाबूत असेल तर मूळ रेकॉर्डिंग त्यातच असतं. फाइंडरमध्ये राइट क्लिक, ‘शो पॅकेज कंटेंट्स’, मग मीडिया फोल्डर. तिथून फक्त कॉपी करा, काही हलवू नका. आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत असल्याशिवाय प्रोजेक्ट डिलीट करू नका. हात जोडून सांगतो.

एखादी दुपार चांगल्या रेकॉर्डिस्टशेजारी बसा. मला दादांनी वीस मिनिटांत जे दाखवलं, ते महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

आषाढीनंतर मंडळी परतली, सहा अभंग पुन्हा केले. उरलेले दोन ज्या बुवांचे, त्यांचा आवाज वारीत बसला तो पूर्वीसारखा लागलाच नाही. ते दोन आजही माझ्याकडे एमपीथ्रीतच आहेत.