चपलेचं बिल आणि ईमेलचा पत्ता

दादरला चपला घेतल्या. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने ईमेल विचारला, मीही सांगून मोकळी झाले. पंधरा दिवसांत इनबॉक्सात कर्ज, लॉटरी, वजन घटवा!

तेव्हापासून जीमेलची एक सोय वापरते. पत्त्यात ‘@’च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडायचा. ‘सुमती’ऐवजी ‘सुमती+चप्पल’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. नवं खातं काढावं लागत नाही. मेल आपल्याच इनबॉक्सात येतो, पण तो कोणत्या पत्त्यावर आला हे उघडून पाहिलं की ‘चप्पल’ दिसते. पत्ता कुठून फुटला, ते कळतं. काही वेबसाइट हे चिन्ह घेत नाहीत. तिथे खरेदीपुरतं दुसरं खातं बरं.

आलेला कचरा नुसता डिलीट करू नका, ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा. तसले मेल ओळखायला जीमेल त्यातून शिकतं. ‘अनसबस्क्राइब’ (म्हणजे ‘यापुढे मेल नकोत’) मात्र ओळखीच्या दुकानाच्या मेलमध्येच दाबा. भामट्याला त्यातून पत्ता चालू असल्याचं कळतं. स्पॅमच्या कप्प्यातलं सगळं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकवा. आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस तिथेच सापडली होती (सभा होऊन गेल्यावर).