आधी आढी, मग टोस्ट

सिडनीला मुलाकडे आलो, त्या पहिल्याच रविवारी त्याने हौसेने ॲव्होकॅडो टोस्ट मागवला. बिल बघून म्हटलं, एवढ्यात आमच्या रत्नागिरीत चौघं मासे-भात जेवतील! याच शहरात, डार्लिंगहर्स्टला, बिल ग्रेंजरने १९९३ साली कॅफे काढला; हा टोस्ट जगभर गाजवण्याचं श्रेय बरेच जण त्यालाच देतात. असो. आता मी घरीच करतो.

सगळी मेख फळात आहे. ॲव्होकॅडो झाडावर मऊ पडत नाही, काढल्यावरच पिकतो. हापूसची आढी घातलेल्या माणसाला हे काय सांगायचं! कडक फळ केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा, दोन-तीन दिवस. हास जातीची साल काळपट जांभळी होते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. तळव्यात धरून देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबा, किंचित दबला की तयार. पोटाशी दाबलात तर आत डाग पडतो. तयार फळ लगेच वापरायचं नसेल तर फ्रिजमध्ये टाका.

उभं चिरून फिरवा, दोन वाट्या सुटतात. बाठा चमच्याने काढा. त्यावर सुरी मारायला जाल तर तळहात कापून घ्याल. अर्ध्या फळाला चिमूटभर मीठ आणि लिंबाची एक फोड, म्हणजे गर लवकर काळा पडत नाही. काट्याने ठेचा, मिक्सर नको. सावरडोचा (आंबवलेल्या पिठाच्या पावाचा) जाड काप चांगला कडक भाजा, नाहीतर खाली गिचका होतो. वर मिरची, कोथिंबीर, टोमॅटो. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचं लाल रंगद्रव्य, अंगी लागायला स्निग्धांश लागतो, तो इथे आयताच असतो. एकदा मी वरून मोहरीची फोडणी दिली. शोभली नाही, तेलावर तेल.

१०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला बराचसा ऑलिव्ह तेलासारखा. तंतू सुमारे ७ ग्रॅम, साखर एक ग्रॅमच्याही आत. कॅलरी मात्र १६०, तेव्हा अर्धं फळ पुरे. प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम, म्हणून मी वर उकडलेलं अंडं ठेवतो. पोटॅशियम केळ्याहून जास्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उरलेल्या अर्ध्याला लिंबू चोळून घट्ट झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचा काळा थर खरवडला की खाली हिरवागार गर निघतो. सूनबाई तो टाकायला निघते, मी गुपचूप पोळीबरोबर संपवतो.