लाटा मोजताना या चुका टाळा

शेअरबाजारातला भाव गर्दीच्या मूडप्रमाणे लाटांत हलतो, मुख्य दिशेला पाच आणि उलट दिशेला तीन ('ए', 'बी', 'सी'), असं मांडणाऱ्या राल्फ इलियटचे तीन नियम तोंडपाठ असलेली माणसं पुण्यात चिक्कार आहेत. दुसरी लाट पहिलीच्या सुरुवातीखाली उतरत नाही; पहिली, तिसरी आणि पाचवी यांत तिसरी सगळ्यात आखूड नसते; चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही. रविवारी कोथरूडला आमच्या बैठकीत एवढं पाठ करून गेलेला मुलगा सोमवारी सव्वानऊला, बाजार उघडताच, ऑप्शन (ठरावीक मुदतीत भाव वर किंवा खाली जाईल यावरचा सौदा) घेऊन मोकळा होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी मत ठरवायचं आणि मग त्याला बसेल असा काउंट, म्हणजे लाटांची मोजणी, शोधायचा. बैठकीतल्या एका काकांचं उदाहरण देतो. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के. जानेवारी २०२० मधल्या १२,४३० वरून निफ्टी निर्देशांक २४ मार्चला ७,५११ पर्यंत कोसळला. ही 'ए' लाट, आता 'बी' वर येणार आणि मग 'सी' ७,५११ च्याही खाली जाणार, असं काकांनी ठरवलं. तेव्हा तसं म्हणणारे पुष्कळ होते, काउंटही नियमात बसत होता. पण निफ्टी चढत राहिला. मे महिन्यात काका म्हणाले, "बी जरा लांबतेय." जुलैच्या सुरुवातीला पडझडीचा ६१.८ टक्के भाग भरून निघाला, १०,५५१ च्या वर भाव गेला, तेव्हा 'बी'ची 'डब्ल्यू-एक्स-वाय' (दोन रचना जोडून लांबलेली लाट) झाली. दर एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, पुट (भाव पडला तर फायदा देणारे ऑप्शन) शून्य होत होते आणि काका नवे घेत होते. नोव्हेंबरात निफ्टीने १२,४३० ओलांडलं, तर म्हणे हा एक्स्पांडेड फ्लॅट, म्हणजे 'बी' ही 'ए'च्या सुरुवातीपलीकडे जाते तो प्रकार! तसा प्रकार पुस्तकात आहे, हीच तर पंचाईत. प्रत्येक चढाला या पद्धतीत एखादं नाव सापडतंच.

म्हणून माझा शिरस्ता असा, की सौदा घालण्याआधी वहीत पेनने एक आकडा लिहायचा. भाव त्याच्या पलीकडे गेला की काउंट चुकला, सौदा बंद. पेन्सिल नको, खोडता येते. काकांच्या वहीत १०,५५१ लिहिलेलं असतं, तर पुढचे चार महिने पुटचा प्रीमियम, म्हणजे त्यासाठी मोजलेली किंमत, तरी वाचला असता.

दुसरी चूक फिबोनाचीच्या रेषेला (३८.२, ६१.८ अशा ठरावीक टक्क्यांवर भाव वळेल असं धरून आखलेली रेषा) लक्ष्मणरेषा समजण्याची. ७,५११ पासून ऑक्टोबर २०२१ च्या १८,६०४ पर्यंतच्या चढाचं ३८.२ टक्के रिट्रेसमेंट, म्हणजे चढाचा तेवढा भाग परत उतरल्यावरचा भाव, येतं साधारण १४,३६६. जून २०२२ मध्ये पैसे हातात घेऊन लोक तिथे वाट बघत बसले आणि निफ्टी १५,१८३ वरूनच फिरला. मी आधी घसरणीची रचना बघतो. तीन लाटा नीट पूर्ण झाल्यात का आणि वर येताना छोट्या टाइमफ्रेमवर (कमी कालावधीच्या चार्टवर) पाच लाटा दिसतात का, एवढं जमलं की निम्मीच खरेदी करतो. टक्केवारी नंतर. तळाला घ्यायचा हट्ट असणाऱ्यांना हे पचत नाही, न पचो.

चौथी लाट पहिलीत घुसली की लगेच "डायगोनल आहे" म्हणू नका. डायगोनल, म्हणजे चौथी पहिलीत शिरलेली चालते अशी पाचरीसारखी रचना, हा अपवाद आहे, पळवाट नाही.

पाच मिनिटांच्या चार्टवर शिकू नका. निदान काही महिने डेली चार्ट, तोही मागचा, उजवी बाजू कागदाने झाकून. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी एफडी करावी.

रोज सर्किट (भावाची दिवसाची मर्यादा) लागणाऱ्या स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये, लाटा मोजू नका. तिथे गर्दीच नसते, तर तिचा मूड कुठला दिसणार?

लाट कुठे वळेल याचा अंदाज बरोबर येऊनही एक्स्पायरी आधी येऊ शकते. आठवड्याचे ऑप्शन घेणाऱ्यांना हे दर आठवड्याला नव्याने कळतं.

आणि चार्ट बोनस-स्प्लिटनुसार दुरुस्त केलेला आहे ना, ते बघा. एकास एक बोनसनंतर (एका शेअरमागे एक फुकट मिळाल्यावर) न सुधारलेल्या चार्टवर भाव एका रात्रीत निम्मा दिसतो. त्या फटीवर 'सी' लाट लिहून खरेदीला निघालेला माणूस आमच्या बैठकीत वर्षाआड एक तरी येतोच.