सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकीतील संशोधनाचा कल कसा तपासावा

सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर (इलेक्ट्रॉनिक उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या कार्बनयुक्त पदार्थांवर) पीएच.डी. करू पाहणाऱ्या गोवा विद्यापीठातील किंवा फर्मागुढीच्या आयआयटीतील विद्यार्थ्याने विषय पक्का करण्यापूर्वी या क्षेत्रात काय छापून येत आहे, याची मोजणी स्वतःच करावी. ओपनअ‍ॅलेक्स हा शोधनिबंधांच्या नोंदींचा मोफत साठा त्यासाठी पुरेसा आहे. संपूर्ण निबंध वाचण्यासाठी शासकीय संस्थांना 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेचा आधार आहे.

खरी अडचण शोधशब्दांची असते. नुसते 'ऑरगॅनिक' टाकल्यास सेंद्रिय शेतीही हाती लागते. 'ऑरगॅनिक सोलर सेल' टाकले, तरी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थांच्या सौरघटांचे निबंध त्यात घुसतात, कारण त्या पदार्थांचे वर्णन सेंद्रिय-असेंद्रिय संकरित असे केले जाते आणि 2012 नंतर त्यांचा अक्षरशः पूर आला. पेरोव्हस्काइट हा शब्द वगळावा, तर केवळ तुलनेपुरता त्याचा उल्लेख करणारे अस्सल सेंद्रिय घटांचे निबंधही गळतात. म्हणून शोध दोन्ही प्रकारे घ्यावा आणि दोन्हींतील फरकात येणाऱ्या निबंधांपैकी काहींचे सारांश प्रत्यक्ष वाचावेत. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढे क्षेत्राऐवजी पदार्थाचे नाव मोजावे, कारण कल तिथेच स्पष्ट दिसतो. सौरघटांत पी3एचटी हे बहुवारिक आणि पीसीबीएम हे फुलरीन (कार्बन अणूंच्या पोकळ गोळ्यासारख्या रेणूपासून बनवलेला पदार्थ) या जोडीचा बराच काळ दबदबा होता. 2015 मध्ये आयटीआयसी आणि 2019 मध्ये वाय6 हे फुलरीनविरहित रेणू आले आणि फुलरीन मागे पडले. वाय6 हाच रेणू बीटीपी-4एफ या नावानेही छापला जातो, त्यामुळे दोन्ही नावे न घेतल्यास आकडा कमी भरतो. ओएलईडीसाठी (सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडसाठी) टीएडीएफ (उष्णतेने चालना मिळणारी विलंबित प्रतिदीप्ती), तर जैवसंवेदकांसाठी सेंद्रिय विद्युतरासायनिक ट्रान्झिस्टर असे शोध वेगवेगळे घ्यावेत. चालू वर्षाचा आकडा आलेखात धरू नये, कारण नोंदी मागाहून भरत राहतात.

मागे घेतलेले निबंध आधीच गाळावेत. सेंद्रिय स्फटिकांवरील कामासाठी गाजलेल्या यान हेंड्रिक श्योन यांची आकडेवारी बनावट असल्याचे ते जिथे काम करत त्या बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या चौकशी समितीने 2002 मध्ये सांगितले, आणि 'नेचर' व 'सायन्स'मधील त्यांचे निबंधही मागे घेतले गेले.

शेवटी निवडक निबंधांतील प्रयोगपद्धती वाचून उपकरण नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत) बनवले की उघड्या हवेत, ते टिपावे. गोव्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत हा भेद निर्णायक ठरतो, तेव्हा आपल्या प्रयोगशाळेत ग्लोव्हबॉक्स चालू स्थितीत आहे का, हे मार्गदर्शकांना विषय ठरवण्याआधीच विचारावे.