घरातली मिरची: सप्टेंबरात पेरा, संक्रांतीला तोडा

पावसाचा जोर ओसरला की फ्लॅटमधल्या खिडकीत मिरची लावायला चांगला हंगाम सुरू होतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले बी ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडीत जाते, नोव्हेंबरअखेर फुलावर येते आणि संक्रांतीच्या आसपास हिरवी मिरची हाती लागते. डिसेंबरात पुणे-नाशिककडे रात्रीचे तापमान बाहेर १०-१२ अंशांवर उतरते तेव्हा मळ्यातली मिरची थबकते. घरात मात्र १८ अंशांच्या खाली पारा सहसा जात नाही, त्यामुळे फळधारणा चालू राहते. घरात कमी पडतो तो उजेड. पाणी किती, खत किती, कुंडी कुठे, हे सगळे उजेड पाहून ठरवा.

आधी खिडकी तपासा. दुपारी बारा वाजता कठड्यावर पांढरा कागद ठेवा आणि फूटभर वर हात धरा. सावलीच्या कडा रेखीव दिसल्या तर ऊन पुरेसे आहे. सावली पुसट असेल तर तिथे पाने येतील, मिरच्या येणार नाहीत. रोज किमान पाच तास थेट ऊन हवे. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येते, म्हणून थंडीच्या हंगामात हीच खिडकी पहिल्या पसंतीची, त्यानंतर पूर्वेची. डासांची जाळी, रंगीत काच आणि पावसाळ्यात साचलेला मळ मिळून बराच उजेड खातात. काच दोन्ही बाजूंनी धुवा आणि दिवसा जाळी सरकवून ठेवा. कुंडी कठड्याला चिकटूनच हवी, कारण चार-पाच फूट आत गेले की डोळ्यांना लख्ख वाटणारी जागाही झाडाच्या दृष्टीने अंधारी असते.

ऊन कमी असेल तर २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब शेजारी शेजारी लावा आणि शेंड्यापासून १५-२० सेंमीवर ठेवा. झाड वाढेल तशा ट्यूब वर घ्या. दिवसाला १४ तास पुरेत, रात्रीचा अंधार झाडाला द्यावाच लागतो. महिन्याला साधारण १७ युनिट वीज लागते. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही. त्यांच्या रंगात पानांवरचा पिवळेपणा आणि कीड दिसत नाही, हा तोटाच जास्त.

वाण. घरात बारीक फळांची मिरची सोपी जाते. पुसा ज्वाला किंवा लवंगी चालेल. राहुरी कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ झुपक्यात फळे देते, तीही कुंडीत शोभते. ढोबळी मिरची मोठे फळ पोसते, तिला जास्त ऊन लागते, तेव्हा पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका. हिरव्या मिरचीतले बी कच्चे असते. पूर्ण लाल पिकलेल्या फळाचेच घ्या. बाजारातली मिरची संकरित असली तर रोप आईसारखे निघेलच असे नाही.

पेरणी. चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाला अटकाव करणारी मित्रबुरशी) पावडर ओलसर बियांना चोळा. प्रो-ट्रेच्या (रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेच्या) कप्प्यात धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत ३:१ प्रमाणात भरा आणि बी अर्धा सेंमी खोल टाका. २५ ते ३० अंशांत ७ ते १० दिवसांत कोंब वर येतात. तोवर ट्रे झाकून ठेवा, पण पहिला कोंब दिसताच झाकण काढा आणि ट्रे त्याच दिवशी उन्हात किंवा ट्यूबखाली घ्या. दोन दिवसांची दिरंगाई झाली तरी रोपे लांबट होऊन मान टाकतात. जमिनीलगत बुडाशी बारीक होऊन रोप आडवे झाले तर तो मर रोग: ओल जास्त, हवा कमी. ते रोप वाचत नाही. बाकीच्या रोपांचे पाणी तोडा आणि पंखा मंद लावा.

कुंडी. ३५-४० दिवसांचे, पाच-सहा पानांचे रोप थेट १२ इंची कुंडीत, संध्याकाळी लावा. तळाला बोटभर रुंदीची चार-पाच भोके हवीत. भरणात चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, दोन भाग चाळलेली माती आणि एक भाग पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा भाताचे तूस घ्या. कुंडीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीट तीनदा पाणी बदलून धुवा. त्यातला क्षार राहिला तर पानांच्या कडा करपतात आणि दोष उगाच उन्हाला दिला जातो. नुसत्या काळ्या मातीची कुंडी घरात भरू नका, ती दगडासारखी घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात.

पाणी. घरातल्या मिरच्या सर्वाधिक मरतात त्या पाण्याच्या अतिरेकाने. बोट दोन पेरे खुपसा. खाली ओल लागली तर पाणी देऊ नका. द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्या आणि अर्ध्या तासात ताटलीतले पाणी ओतून टाका. ऑक्टोबरच्या उकाड्यात बहुधा रोज लागेल, डिसेंबरात दोन-तीन दिवसांआड. ढगाळ आठवडा आला तर आणखी कमी. पाने मलूल आणि माती ओली असेल तर मुळे कुजत आहेत. तेव्हा पाणी घातले की उरलेसुरलेही गेले.

खत. रोपाला तीन-चार खरी पाने आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, कुंडीत रुजल्यावर एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कळ्या दिसू लागल्या की ते बंद करा आणि एका आठवड्याला १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट), दुसऱ्या आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला एक ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट कधीही १९:१९:१९ बरोबर एकाच पाण्यात मिसळू नका, स्फुरद आणि कॅल्शियम मिळून साका होतो आणि दोन्ही वाया जातात. फळाचे टोक काळे पडून बसले तर कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. त्यामागे अनेकदा अनियमित पाणी असते. अंड्याची टरफले इतकी सावकाश विरघळतात की या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर आला तर कुंडी मोरीत नेऊन तिच्या दुप्पट आकारमानाचे साधे पाणी सोडा.

फुले आणि फळे. खोडाच्या पहिल्या बेचक्यात येणारे पहिले फूल खुडा, फांद्या जोमाने फुटतात. घरात वारा नाही, म्हणून परागीभवन हाताने करावे लागते: सकाळी दहा-अकराच्या सुमारास उमललेल्या फुलांच्या फांदीवर बोटाने हलकी टिचकी मारा, किंवा बॅटरीचा टूथब्रश देठामागे दोन सेकंद धरा. पिवळी धूळ उडताना दिसते. तरीही फुले गळत असतील तर पाने पाहा. गर्द हिरवी, मोठी, मऊ पाने असतील तर नत्र जास्त आणि ऊन कमी. पाने ठीक असतील तर तापमान: दिवसा ३५ च्या वर, रात्री १५ च्या खाली, किंवा एसीचा झोत.

कीड. घरात कीड खाणारे मित्रकीटक नसतात, त्यामुळे चार फुलकिड्यांचे (थ्रिप्स, रस शोषणारे बारीक कीटक) काही आठवड्यांत शेकडो होतात. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे. खाली वळून लांबट देठाची झाली तर कोळी (माइट ही सूक्ष्म कीड). खात्री करायला शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक रेघेसारखे पिवळसर काही सरकताना दिसले की फुलकिडे. कोळी इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. फुलकिड्यांवर १०,००० पीपीएमचे (बाटलीवर लिहिलेली तीव्रता) निंबोळी अर्क लिटरला २-३ मिली, पाच दिवसांनी पुन्हा, पानांच्या खालूनही. कोळ्यावर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, मात्र निंबोळीनंतर किमान पंधरा दिवसांनी, नाहीतर पाने करपतात. दोन्ही फवारण्या बाल्कनीत, संध्याकाळी करा. शेतीची रासायनिक कीटकनाशके राहत्या घरात फवारू नका. पांढऱ्या माशीसाठी पिवळा आणि फुलकिड्यांसाठी निळा चिकट सापळा कुंडीत टोचा. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर वरची दोन-तीन सेंमी माती सुकू द्या, आणि चहाचा चोथा टाकणे थांबवा.

तंबाखू मळणाऱ्यांनी किंवा मिश्री लावणाऱ्यांनी झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतला मोझेक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो, मिरचीला लागतो आणि त्यावर औषध नाही.

लंडन, टोरांटो, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांनी हे वेळापत्रक वापरू नये. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्यूबखाली पेरा, रात्री सतत १२ अंशांच्या वर राहू लागल्या की आठवडाभर थोडे थोडे बाहेर काढून सवय लावा, आणि पहिल्या हिमाआधी आत घ्या. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पानाखाली जाळे दिसले की झाड शॉवरखाली धुवा.

आपल्याकडे मार्चमध्ये सूर्य वर चढतो आणि दक्षिणेची खिडकी हळूहळू सावलीत जाते. तेव्हा झाड कुंडीतल्या मातीपासून १५ सेंमीवर छाटा, वरची दोन इंच माती बदलून गांडूळखत भरा आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवा. नव्या फुटव्याला महिन्याभरात कळ्या येतात.